गावात जर्मन कोणाशी बोलू?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २६ वर्षांच्या परिचारिका असून यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी पद्धतीने काम करतात. जर्मनीत नोकरीला जाण्यासाठी त्यांनी दीड वर्ष ऑनलाइन वर्ग केले. गोएथे संस्थेच्या बी टू या पातळीच्या जर्मन परीक्षेत वाचन, श्रवण आणि लेखन हे तीन भाग त्या उत्तीर्ण झाल्या, परंतु बोलण्याच्या भागात ६० गुण आवश्यक असताना त्यांना ४६ मिळाले. वर्गचालकांचे म्हणणे असे की खेड्यात जर्मन वातावरण नसल्यामुळे हे घडले आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारा चष्मा, घ्यावा, ज्याची किंमत ३८ हजार रुपये सांगितली आहे. वडील सोयाबीनच्या पैशांतून ती रक्कम द्यायला तयार आहेत, तर भावाच्या मते ते एक महागडे खेळणे आहे. त्या विचारतात : “ताई, हेडसेट घेऊ का? नाही घेतला तर गावात जर्मन कोणाशी बोलू?”

नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात तिसऱ्या पानावरच्या एका अर्ध्या वाक्यापाशी थांबले. रुग्णालयातल्या कामाविषयी सांगताना तुम्ही सहज लिहून गेला आहात की, “पोडावरच्या बाया येतात त्यांच्याशी बोलता बोलता मला कोलामी थोडीफार यायला लागली.” तुम्हाला ती गोष्ट फारशी महत्त्वाची वाटलेली दिसत नाही, कारण पुढच्याच ओळीत तुम्ही स्वतःविषयी “मला भाषा जमत नाहीत” असे म्हटले आहे. माझ्या उत्तराची सुरुवात मला तिथूनच करायची आहे.

पोडावर म्हणजे कोलामांच्या वस्तीवर बोलली जाणारी कोलामी ही मराठीची बोली नव्हे, ती तेलुगूप्रमाणे द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. ती शिकण्यासाठी तुम्ही वर्ग लावला नव्हता आणि कोणी तुमची परीक्षाही घेतली नव्हती. तुम्ही लिहिता की तापाने फणफणलेल्या एका म्हाताऱ्या आजीला कुठे दुखते हे विचारताना तुमचा उच्चार चुकला, तिच्या सोबतच्या दोन्ही सुना तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग त्यांच्यापैकी एकीने तो शब्द तुमच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतला. तुम्हाला त्या वेळी लाज वाटली नाही, कारण आजीचा ताप तुमच्या उच्चारापेक्षा मोठा होता. तिला औषध द्यायचे होते आणि ते कसे घ्यायचे हे तिला कळल्यावाचून तुमचे काम पूर्ण होणार नव्हते. भाषा शिकण्याचे याहून चांगले वातावरण मला तरी सांगता येणार नाही, आणि ते यवतमाळ जिल्ह्यातल्या तीस खाटांच्या रुग्णालयात होते.

म्हणून “खेड्यात वातावरण नाही” हे वर्गचालकांचे विधान मी पूर्णपणे मान्य करणार नाही आणि तुम्हीही ते जसेच्या तसे स्वीकारू नये, अशी माझी विनंती आहे. गावात जर्मन ऐकू येत नाही, पाट्या जर्मनमध्ये नाहीत, हे खरेच आहे. परंतु वातावरण म्हणजे आजूबाजूचे दृश्य असे आपण गृहीत धरले की मग दृश्य विकत घेण्याचा विचार मनात येतो. कोलामी शिकताना तुम्हाला उपयोगी पडले ते दृश्य नव्हते. समोर एक माणूस होते, त्याला तुमचे बोलणे समजून घेण्याची गरज होती, त्याचे उत्तर काय येईल हे तुम्हाला आधी माहीत नसायचे, आणि चूक झाली तरी ते माणूस उठून जात नसे. हेडसेटविषयीचा निर्णय घेताना आपण हेच मोजमाप वापरू : त्या यंत्रातून तुम्हाला असे माणूस मिळते का?

त्याआधी परीक्षेकडे एकदा नीट पाहू. बी टूच्या बोलण्याच्या परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात एका विषयावर सुमारे चार मिनिटे मांडणी करायची असते आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात, तर दुसऱ्यात सोबतच्या परीक्षार्थीबरोबर एखाद्या प्रश्नावर सुमारे पाच मिनिटे चर्चा करायची असते. दोन्हींच्या तयारीला आधी पंधरा मिनिटे मिळतात. तुम्ही लिहिता की मांडणी तुम्ही न अडखळता केली, परंतु जोडीदाराने तुमच्या मताला हरकत घेतली तेव्हा “घशाला कोरड पडली, त्याचं वाक्य कळलं पण उत्तर सुचलं नाही.” याचा अर्थ असा की तुमचे बोलणे सगळेच कच्चे नाही. तयार केलेले बोलणे तुम्हाला येते, अचानक आलेल्या वाक्याला उत्तर देणे येत नाही. ही दोन कौशल्ये वेगवेगळी आहेत आणि दुसरे कौशल्य पाठांतराने वाढत नाही. वर्गात तुम्ही पन्नास जण होता आणि प्रत्येकाला आठवड्यातून जेमतेम तीन-चार मिनिटे बोलायला मिळत असत, असेही तुमच्याच पत्रात आहे. त्यामुळे कमतरता गावाची आहे की वर्गाची, हा प्रश्न वर्गचालकांना शांतपणे विचारायला हरकत नाही.

आता हेडसेटविषयी. भाषा शिकण्यासाठी व्हीआर दोन निराळ्या प्रकारे वापरले जाते आणि विकणारे बहुतेक वेळा त्यांतला फरक सांगत नाहीत. पहिल्या प्रकारात संगणकाने उभी केलेली पात्रे असतात : हॉटेलचा स्वागतकक्ष, टॅक्सी, बेकरी, डॉक्टरांचा दवाखाना. मोंडली या कंपनीने २०१७ मध्ये असे एक साधन आणले, त्यानंतर इतरांनीही आणले. मी स्वतः असा एक पाठ करून पाहिला तेव्हाचा अनुभव सांगते. कपाळावर आणि गालांच्या हाडांवर चष्म्याचा दाब जाणवत होता, परंतु अर्ध्या मिनिटात तो विसरायला झाला, कारण मी खरोखरच एका बेकरीत उभी होते, मान वळवली की मागचे दार दिसत होते आणि काचेपलीकडची बाई माझ्याकडे पाहत होती. तिने काय हवे ते विचारले. पडद्यावर सुचवलेल्या तीन उत्तरांपैकी एक मी म्हटले आणि तिने पाव पुढे केला. दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम सांगितले की मला पाव नको, माझे पाकीट हरवले आहे. ती तेवढीच हसली आणि मी मघाचेच उत्तर दिले असावे अशा रीतीने तिने पुढचा प्रश्न विचारला. अलीकडच्या काही साधनांत कृत्रिम बुद्धिमत्ता जोडलेली असल्यामुळे पात्रे मोकळेपणाने उत्तर देतात आणि ही अडचण बरीच कमी होते. परंतु तुमच्या वर्गाने सुचवलेले साधन कोणत्या जातीचे आहे हे पैसे मोजण्याआधी तपासलेच पाहिजे, आणि तपासण्याची रीत सोपी आहे : त्या पात्राला अनपेक्षित काहीतरी सांगा आणि ते त्याला धरून उत्तर देते का पाहा. जे काही झालेच नाही असे ठरलेला पुढचा प्रश्न विचारते, ते तुमचे वाक्य ऐकतही नाही.

दुसऱ्या प्रकारात आभासी खोलीत खरी माणसे भेटतात. व्हीआरचॅटसारख्या ठिकाणी जगभरातले लोक एखाद्या चित्ररूपाआडून बोलतात आणि भाषांची देवाणघेवाण करण्यासाठी मुद्दाम एकत्रही येतात. तुमच्या अडचणीवर खरा उपयोग झाला तर याच प्रकाराचा होईल, कारण इथे हरकत घेणारा जिवंत माणूस असतो. विशेष म्हणजे व्हीआरचॅट नेहमीच्या विंडोज संगणकावर हेडसेटशिवायही चालते. खोलीत असल्याचा भास त्यात तितका होत नाही, परंतु समोरचा माणूस तोच असतो. त्यासाठी ३८ हजार रुपये आधी खर्च करण्याची आवश्यकता नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी तुमच्या भावाच्या बाजूने बोलते आहे. तसे नाही. हेडसेटला खेळणे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्यामागे माझी एक जुनी आठवण आहे.

माझे बालपण भंडारा जिल्ह्यात गेले. दिवाळीनंतर मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत गावोगाव दंडार हे आमच्याकडचे लोकनाट्य उभे राहायचे आणि त्यात बायकांची कामे पुरुषच करायचे. आमच्या गावात कपडे शिवणारे एक गृहस्थ होते. बोलताना ते इतके अडखळायचे की मापे सांगायची वेळ आली तर बोटांनी दाखवायचे. तेच गृहस्थ तोंडाला रंग लावून आणि लुगडे नेसून रात्री उभे राहिले की दोन-दोन तास एकही अडखळ न घेता बोलायचे, समोरच्या नटाने आयत्या वेळी काही वेगळे म्हटले तर त्यालाही तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. आम्हा मुलांना तो चमत्कार वाटायचा. पुढे भाषा शिकवायला लागल्यावर मला त्याचे कारण उमगले : रंगाआडचा माणूस चुकला तर चूक त्या सोंगाची असते, माणसाची नसते. परकी भाषा बोलण्याची भीती ही इतर भीतींहून निराळी असते, हे अमेरिकेतील एलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. स्वतःच्या भाषेत हुशार, समंजस असलेला माणूस परक्या भाषेत एकदम पाच वर्षांच्या मुलासारखा बोलू लागतो आणि आपण जसे आहोत तसे समोरच्याला दिसत नाही, ही त्या भीतीची मुळाशी असलेली गोष्ट आहे. वॉर्डात ज्या सिस्टरच्या शब्दावर नातेवाईक विसंबून राहतात, तिला परीक्षकापुढे “मला वाटते की…” याच्या पुढे जाता येत नाही, हे किती बोचत असेल याची मला कल्पना आहे. व्हीआरमधले चित्ररूप हा दंडारीचा रंगच आहे. तो लावून तुमची जीभ सैल होत असेल तर त्याला हसण्याचे कारण नाही.

परंतु तीच आठवण मला पुढची गोष्टही सांगायला लावते. सकाळी रंग धुतला की ते गृहस्थ दुकानात पुन्हा पहिल्यासारखेच अडखळायचे. चष्म्याआड आलेला धीर चष्मा काढल्यावर आपोआप टिकत नाही, तो बाहेर आणण्याची सोय वेगळी करावी लागते. म्हणून हेडसेट घ्या किंवा घेऊ नका, आभासी खोलीत झालेले प्रत्येक संभाषण त्याच दिवशी एकदा उघड्या तोंडाने, खऱ्या माणसापुढे किंवा निदान व्हिडिओ कॉलवर पुन्हा करायचे, हा नियम मी तुम्हाला घालून देईन. परीक्षेच्या खोलीत सोंग मिळणार नाही.

व्हीआरच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे आणि तो तुम्हाला फुकटात वापरता येईल. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना स्वाहिली आणि चिन्यांजा या ऐकायला सारख्या वाटणाऱ्या दोन आफ्रिकी भाषांतले शब्द आभासी ठिकाणी शिकवले. काहींनी दोन्ही भाषा एकाच ठिकाणी शिकल्या, काहींनी प्रत्येक भाषा वेगळ्या ठिकाणी. ज्यांना आपण खरोखर तिथे आहोत असे वाटले त्यांच्यात, वेगळ्या ठिकाणी शिकलेल्यांना आठवड्यानंतर शब्द अधिक आठवले. म्हणजे शब्द जागेला चिकटून राहतो आणि जागा आठवली की तोही आठवतो. तुमच्याकडे तर प्रत्यक्ष जागा आहेत. औषधांचे, जखमेचे, बिछान्याचे जर्मन शब्द घरच्या टेबलावर पाठ करू नका, ड्रेसिंगच्या खोलीत ट्रॉलीसमोर उभे राहून म्हणा. स्वयंपाकाचे शब्द चुलीपाशी, शेताचे आणि हवामानाचे शब्द वडिलांना डबा देऊन परतताना बांधावर म्हणा. ड्युटी बदलताना तुम्ही पुढच्या सिस्टरला मराठीत ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देता, तोच ओव्हर रुग्णांची नावे वगळून फोनवर जर्मनमध्ये रेकॉर्ड करा. जर्मन रुग्णालयातही तुम्हाला रोज तीन पाळ्यांत नेमके हेच करायचे आहे.

आणि इथे मराठीचा तुम्हाला जो आधार आहे तो कोणी सांगितला नसेल तर मी सांगते. इंग्रजीतून जर्मन शिकवणारे “वाइल इश मॉर्गन नाख्टडीन्स्ट हाबं” या वाक्यात क्रियापद शेवटी का जाते हे समजावण्यात अर्धा तास घालवतात. तुम्ही “कारण मला उद्या नाईट आहे” असे म्हणता तेव्हा तुमचेही क्रियापद शेवटीच असते. तीन लिंगे तुम्हाला नवी नाहीत, मूल त्यांच्याकडेही नपुंसकलिंगीच आहे. त्सिमर, त्सुकर या शब्दांच्या आरंभीचा उच्चार हिंदी भाषकांना शिकावा लागतो, आपण तो “चांगला” आणि “चूल” म्हणताना रोज करतो. इंग्रजीचा वळसा घेऊन जर्मनकडे जाण्याची सवय तुम्ही जितकी सोडाल तितके उत्तर लवकर सुचेल, कारण हरकत आल्यावर तुमचा जो वेळ गेला तो दोनदा भाषांतर करण्यात गेला असावा, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा माझा प्रत्यक्ष सल्ला असा. हेडसेट आज विकत घेऊ नका, तीन आठवडे थांबा. पहिल्या दिवशी वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला सांगा की तिने तुम्हाला न कळवता एक प्रश्न निवडावा आणि फोनवर विचारावा, तुम्ही त्यावर दोन मिनिटे बोला आणि ते रेकॉर्ड करून ठेवा. पुढचे तीन आठवडे रोज वीस मिनिटे तिच्याशी जर्मनमध्ये बोला, परंतु एका अटीवर : तुम्ही जे मत मांडाल त्याला तिने विरोध केलाच पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी हीच भूमिका तुम्ही घ्यायची. विषय परीक्षेचेच असावेत असे नाही. सिंचनाची विहीर आधी की घर आधी, लग्नात खर्च करावा की नाही, यांवर तुम्हाला मते आहेत, आणि ज्यावर मत आहे त्यावर शब्द लवकर येतात. याच काळात वर्गाकडे जो हेडसेट आहे त्यावर पाच-सहा बैठका मागून घ्या. जे ३८ हजारांना विकायला निघाले आहेत त्यांना ते वापरून पाहू द्यायला काय हरकत असावी? ते नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच समजा. तोवर संगणकावर व्हीआरचॅट चालवून पाहा. साध्या फोनसाठी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची व्हीआर पेटी काही शे रुपयांत मिळते. २०१४ मध्ये गुगलने आणलेल्या पुठ्ठ्याच्या चष्म्यापासून ही कल्पना रुळली आणि आता गुगल तो विकत नसले तरी तशाच पेट्या बाजारात आहेत. फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन कसा वळला हे ओळखणारा भाग, असेल तर यूट्यूबवरच्या ३६० अंशांच्या चित्रफितींतून जर्मन शहरांचे रस्ते आणि बाजार त्यातून पाहता येतात. बोलणे त्याने येणार नाही, मात्र अशा दृश्याने तुम्हाला काही लाभ होतो का, गरगरते का, हे कळेल. एकविसाव्या दिवशी त्याच मैत्रिणीकडून नवा अनोळखी प्रश्न घ्या आणि दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐका. फोनवरच्या सरावाने पुरेसा फरक पडलेला असेल तर वडिलांचे पैसे वाचले. फरक आभासी खोलीतच पडतो आणि तिथे तुम्ही मोकळ्या होता असे स्पष्ट दिसले, तर हेडसेट घ्या आणि मनात अपराधी भावना न ठेवता घ्या.

व्हिडिओ कॉलवर एखाद्या जर्मन भाषकाशी बोलायचे ठरले तर वेळेचे गणित तुमच्या सोयीचे आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात. ऐकण्याच्या सरावाला डॉइच वेले या प्रसारण संस्थेचे मोफत पाठ आणि फाउ-हा-एस लर्नपोर्टाल हे बी टूपर्यंतचे मोफत संकेतस्थळ पुरेसे आहे. एक सावधगिरीची सूचना : या सगळ्या साधनांतील जर्मन प्रमाण भाषा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ज्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तिथल्या बऱ्याच भागांत वृद्ध रुग्ण श्वेबिश बोलीत बोलतात. पुस्तकी मराठी शिकलेला माणूस पहिल्यांदा वऱ्हाडीत सापडल्यावर जसा भांबावतो तसे तुमचे होईल. त्यासाठीसुद्धा नेमून दिलेली वाक्ये म्हणणाऱ्या पात्रांपेक्षा खरी माणसेच उपयोगी पडतात.

हेडसेट घेतलाच तर काही गोष्टी आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाच्या आहेत. त्याच्या भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नका. भिंग किरण एकत्र करून आतल्या पडद्यावर पाडते आणि पडदा कायमचा जळतो. खिडकीत, ओसरीवर, बसमध्ये काचेशेजारी तो उघडा ठेवणे म्हणजे पैसे उन्हात टाकणे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दुपारी तो वापरूच नका, पहाटे किंवा रात्री वापरा. एका चार्जिंगमध्ये तो साधारण दोन तास चालतो, भारनियमनाच्या वेळा पाहून चार्ज करा, आणि पाठ डाउनलोड करायला काही जीबी डेटा लागतो हे नेटवर्कच्या हिशेबात धरा. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून काहींना मळमळते. तेव्हा बसूनच वापरा, सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांपुढे जाऊ नका, मळमळले तर नेट धरून बसू नका, आणि लगेच गाडी चालवू नका. रात्रपाळी करून आलेल्या डोळ्यांवर तर तो ठेवूच नका. अनोळखी लोकांच्या खोल्यांत खरे नाव, गाव, रुग्णालय सांगू नका. कोणी त्रास दिला तर त्याचा आवाज बंद करण्याची आणि त्याला रोखण्याची सोय आधी शिकून घ्या, मगच आत जा. तरुण मुलींना तिथे नको ते अनुभव येतात आणि त्यात मुलीचा काहीही दोष नसतो.

पैशांविषयी थोडेच सांगते. गोएथे संस्थेच्या बी टू परीक्षेचे चारही भाग वेगवेगळे देता येतात, म्हणून तुम्हाला फक्त बोलण्याचा भाग पुन्हा द्यायचा आहे. तुमच्या शिक्षणाला जर्मनीत मान्यता देणारे कार्यालय चारही प्रमाणपत्रे किती काळातील मागते तेवढे आधी विचारून घ्या. ३८ हजारांत ते शुल्क आणि एखाद्या अनुभवी शिक्षिकेबरोबरचे एकास एक असे बरेच तास बसतात. तुमचे वडील एका शब्दावर पैसे द्यायला तयार झाले, यावर तुम्ही पत्रात फार ओझे घेतले आहे. त्यांना पर्याय समजावून सांगा, हेडसेट वर्गातून एक दिवस घरी आणता आला तर त्यांच्या डोक्यावर तो घाला आणि दिसते काय ते त्यांना पाहू द्या. ज्याने आयुष्यभर बियाणे हातात घेऊन, दाताखाली दाबून विकत घेतले आहे, त्या माणसाचा अंदाज तुम्हाला या खरेदीतही उपयोगी पडेल.

याच विषयावर जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांनीही विचारले आहे, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहिते. लहान मुलांना हेडसेट देऊ नये. हेडसेट बनवणारी मेटासारखी कंपनीही दहा वर्षांखालील मुलांना तो वापरू देत नाही आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीतले खाते मागते. वरच्या वर्गांसाठी शाळेला एखादा संच मिळालाच, तर एका मुलाने पाहायचे आणि चाळीस जणांनी वाट पाहायची असे करू नका. चष्मा घातलेल्या मुलाने दिसते ते इंग्रजीत सांगायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून फळ्यावर त्याचे चित्र काढायचे, मग चष्मा काढून चित्र ताडून पाहायचे. यात भाषा चाळीस जणांच्या तोंडी येते, कारण चित्र पुरे करायला सगळ्यांना त्या एकाचे बोलणे समजून घ्यावे लागते.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते आणि एक काम देते. पुढच्या वेळी पोडावरची कोणी आजी तुमच्या वॉर्डात येईल तेव्हा स्वतःकडे लक्ष ठेवा. शब्द अडला की तुम्ही काय करता? बहुधा तुम्ही “पुन्हा सांगा” म्हणता, तिचेच वाक्य प्रश्न करून परत विचारता, दुसऱ्या सोप्या शब्दाने सांगून पाहता, वेळ काढण्यासाठी एखादा हुंकार देता. ड्युटी संपल्यावर हे सगळे वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचे जर्मन वाक्य लिहा. “क्योन्टन झी दास बिटं नोख आइनमाल झागन?” म्हणजे “हे कृपया पुन्हा एकदा सांगाल का?” आणि “माइनन झी, दास…” म्हणजे “तुम्हाला असे म्हणायचे आहे का, की…” ही पहिली दोन मी देते, उरलेली तुम्ही शोधा. परीक्षेतल्या जोडीदारापुढे, चर्चेला एकमेकांना “तू” म्हणायचे ठरले असेल तर, “क्योन्टेस्ट डू” आणि “माइन्स्ट डू” म्हणा. त्याने हरकत घेतली आणि उत्तर सुचले नाही, तर घशाला कोरड पडण्याआधी यातले एक वाक्य तोंडात यायला हवे. आजच्या तुमच्या फोनवरच्या सरावात मैत्रिणीला सांगा की तिने मुद्दाम अवघड बोलावे, आणि तुम्ही फक्त या वाक्यांवर वीस मिनिटे काढून दाखवा.